घाटाखाली वळखीचं कोणी नाय

"आधी गाव सांगा."

गाडीच्या दारावर डावा तळहात ठेवून तो असं म्हणायचा. प्रवाशानं आत चढायला पाय उचललेला असायचा आणि मधीच हा हात. कुठं जायचंय, किती जण आहात, ते नंतर. आधी गाव.

जळगाव रोडला हर्सूलच्या अलीकडं माझं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, हवेची टाकी, पाण्याचा टब आणि मी. समोर जीपा लागतात. त्यात त्याची पांढरी क्रूझर असायची, ती आता तिथं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, तेव्हा शुद्ध-अशुद्धाचं माझ्यापाशी काढू नका. माणूस होता तसा सांगतो. तुमच्याही नाक्यावर असा एखादा असेल, त्याच्याशी ताडून पाहा.

गाव कळलं की तो जागा द्यायचा. जालन्याचा माणूस मागं, कारण तो गाडी सुटायच्या आत शेजारच्याशी सौदा करतो. बीडचा पुढं, आपल्या डोळ्यासमोर. पुण्याचा खिडकीला, नाही दिली तरी तो मागून घेणारच. मुंबईवाला मधी, त्याला दाटीत झोप लागते. नागपूरकडचा असला तर आधी पाणी विचारायचा, उन्हातून आलेलं माणूस म्हणून. लातूरचा असला की त्याच्याकडं नुसतं बघायचा. का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शहरातली पोरं मात्र त्याला सापडायची नाहीत. एकदा अजिंठ्याला निघालेल्या एका जोडप्याला त्यानं गाव विचारलं. पोरगा म्हणाला, इथलेच आम्ही.

"इथलंच म्हणजे कुठलं? जमिनीतून उगवला का?"

"सिडको, काका."

"सिडको पत्ता हाय बाबा. गाव सांग."

पोराला आजोबाचं गाव आठवेना. त्यानं बायकोकडं पाहिलं, बायकोनं मोबाईलकडं. शेवटी पोरानं आईला फोन लावला आणि कुठलं तरी परभणीकडचं नाव आणलं. मग दारावरचा हात निघाला. पण त्या दिवशी अजिंठ्यापर्यंत तो आरशातून त्या पोरावर नजर ठेवून होता. संध्याकाळी मला म्हणला, "आबा, ज्याला गाव ठावं नाय त्याचा भरोसा काय धरावा?"

तो स्वतः बिडकीनकडचा. गंगेच्या काठचा, म्हणजे गोदावरीच्या. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, हे बाहेरच्यांनी ध्यानात घ्यावं. मी सिल्लोड तालुक्यातला, डोंगराच्या बाजूचा. जिल्हा एकच, पण त्याच्या लेखी मी जवळजवळ परदेशी. आमची मका त्याला माणसाचं खाणं वाटायचं नाही. आमची भाकर जाड. आमचं तिखट नुसतं लाल, त्याला चव नाही. मी म्हणायचो, तुमच्या गंगथडीची माणसं उसाच्या पाण्यानं सुस्तावलेली, दुपारी बाराला आंघोळ करणारी. तो म्हणायचा, तुम्ही मक्यावाले अर्धे घाटाखालचे, तुमचं काय खरं नाय. असं आमचं कैक वर्षं चाललं. दोघांपैकी कोणी हरलं नाही. मी तर नाहीच.

संशय त्याच्या अंगातच होता. ढाब्यावरचं पाणी प्यायचा नाही, घरून कळशीभर आणायचा. हॉटेलवाल्यानं चहा फुकट दिला तर तो चहा थंड होऊ द्यायचा आणि मग ओतून द्यायचा. मला हे नवं नव्हतं. पंक्चरच्या धंद्यात माणूस संशयीच होतो. गिऱ्हाईक म्हणतं चाक आत्ता बसलं, आणि टायर सांगतं चार दिवस झाले. गिऱ्हाईकालाही वाटतं की यानंच रस्त्यावर खिळे टाकले. तेव्हा आम्हा दोघांचं जमायचं.

अजिंठ्याचा घाट सुरू होतो तिथं तो गाडी थांबवायचा आणि पाहुण्यांना उतरवायचा. सांगायचा की हितपर्यंत आपला दगड, आपली ज्वारी, आपली बोली. खाली उतरलं की हवा जड होते, केळी लागते, वांगं डोक्याएवढं होतं, आणि माणूस वाक्याच्या शेवटी 'भो' म्हणतो. पाहुणे खूश व्हायचे, फोटो काढायचे. इतकी माहिती ऐकून त्यांना वाटायचं की गडी खानदेशात रोज जातो. खरं सांगतो, तो लेण्यांच्या फाट्याच्या पुढं कधी गेलाच नव्हता. पाहुणे लेण्यांना सोडायचे, झाडाखाली झोपायचं, आणि गाडी फिरवून वर. घाटाखालचं त्याचं सगळं ज्ञान प्रवाशांच्या तोंडचं.

एक दिवस त्याची पोरगी स्कुटी घेऊन माझ्या दुकानापुढं थांबली. एकुलती एक. आई ती शाळेत असतानाच गेली, त्यानंच वाढवली. शेंद्र्याला एका कंपनीत माल तपासायच्या कामावर होती. चाकात हवा आहे का पाहा म्हणाली. हवा होती. मग म्हणाली की कंपनीतलाच एक मुलगा आहे, आपल्यातलाच आहे, जामनेर बाजूचा. त्याचं ट्रान्सफर जळगावला होतंय, म्हणजे राहायचं गावाकडंच. दोघांनी ठरवलंय. दादांना सांगितलं. दादा तीन दिवस जेवताना बोलत नाहीत.

"आबा, तुम्ही सांगा त्यांना. मी पळून जाणार नाय. पण दुसरीकडं बी जाणार नाय."

असं म्हणून तिनं हेल्मेट घातलं आणि गेली. मी चाकाकडं पाहत बसलो. ह्या पोरी हल्ली धमकी अशी देतात की धमकी वाटत नाही, आणि ती मोडताही येत नाही.

दुपारी तो आला तेव्हा मी विषय काढला. त्याला ते आवडलं नाही, पण उठून गेला नाही. म्हणला, "जात जुळली आबा, पण पाण्याचं काय? घाटाखालचं पाणी येगळं, माणूस येगळा." पोराचा फोटो दाखवला. पोरगा बरा होता. घराचा फोटो होता, तोही बरा. ह्याचा प्रश्न हा की घराचा फोटो समोरूनच का काढला. मागून काय आहे?

मग त्याची चौकशी सुरू झाली. जामनेर, पहूर, शेंदुर्णी, त्या बाजूचा जो प्रवासी मिळेल त्याला पुढं शेजारी बसवायचं आणि सिल्लोड येईपर्यंत खोदायचं. सगळे चांगलं सांगायचे. घर चांगलं, माणसं सरळ, बाप कोणाच्या अध्यात नाही. जसजसं चांगलं ऐकत गेला तसतसा तो काळा पडत गेला.

"सगळे एकच सांगतात. म्हणजे शिकवून ठेवलेले हायेत."

मी म्हणलं, अख्ख्या तालुक्याला कोण शिकवील? तो म्हणला, तुम्हाला माहीत नाय आबा, घाटाखालची माणसं एकमेकाला धरून असतात.

शेवटी एका म्हातारीनं सांगितलं की त्या घरचा म्हातारा, म्हणजे पोराचा आजा, लई तापट होता, त्यानं एकदा पंगतीतून जावयाला उठवलं होतं. तो त्या दिवशी नाक्यावर हसत आला. म्हणला, "आता जरा खरं वाटाया लागलं." आणि आम्हाला बोलावणं धाडा असा निरोप त्यानं पोरीजवळ दिला.

रविवार ठरला. माणसं जास्त नेली तर वचनात अडकतो, म्हणून आम्ही दोघंच. पोरीनं त्याच्या शर्टाला इस्त्री करून दिली होती. घाट उतरलो. लेण्यांच्या फाट्यापाशी गाडी आपोआप हळू झाली. त्याचा हात सवयीनं वळवायला गेला. मी म्हणलं, सरळ. तो म्हणला, माहितीय. पण तिथून पुढं त्यानं गाडी अशी चालवली जशी नवीन शिकाऊ चालवतो. प्रत्येक पाटी वाचत, प्रत्येक मोटारसायकलवाल्याला आधी जाऊ देत.

गावाच्या वेशीवर मारुतीचं देऊळ होतं. त्यानं तिथं गाडी लावली, पोराला फोन करून कळवलं की वेशीवर आलोय, आणि फोन खिशात टाकला. आम्ही ओट्यावर बसलो. आता हे बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. आमच्याकडं सोयरिकीचा पाव्हणा थेट घरात घुसत नाही. वेशीवर थांबतो. घरधनी तांब्या घेऊन येतो, गाव विचारतो, ठाऊक असलं तरी विचारतो, आणि बरोबर घेऊन जातो. न बोलावता गेला तो पाव्हणा कसला. ही काय मी नवी काढलेली रीत नाही.

आम्ही बसलो. कोणी आलं नाही.

ऊन देवळाच्या पायरीवरून ओट्यावर आलं. एक जण सायकलवर गेला, राम राम म्हणला, पुढं गेला. चाऱ्याचा भारा घेतलेली बाई गेली, पदर सावरला, पुढं गेली. पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा तर आमच्यापाशी थांबला, हात जोडले, हसला, आणि तोही गेला. आमच्या गावात दोन अनोळखी माणसं देवळाशी बसली असती तर चहा येईपर्यंत त्यांच्या आज्या-पणज्याचा हिशेब झाला असता. इथं कोणी एक शब्द विचारीना.

तो कानाशी येऊन म्हणला, "आबा, गावानं ठरवून केलंय. त्यांनी विचारलं तर आपण बी विचारू. म्हणून कोणी तोंड उघडंना."

खरं सांगू का, मलाही तसंच वाटायला लागलं होतं. नव्या माणसाला कोण म्हणून न विचारणारं गाव मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याचा फोन दोनदा वाजला. पोराचा होता. ह्यानं उचलला नाही. म्हणला, पोराचं काय काम, बापाला पाय नाहीत का.

मग एक म्हातारी काठी टेकत आली. पोराची आजी. आली ती आमच्यावर रागावतच आली.

"बाहेर काहून बसले भो? घर तुमचंच हाय ना."

तिचं म्हणणं असं की दार सकाळपासून सताड उघडं आहे, ताटं वाढून ठेवलीत, घरातली सगळी उपाशी, आणि पाव्हणे देवळात परक्यासारखे बसलेत. आपल्या घरी यायला माणूस बोलावणं मागतो का? तिच्या लेखी आम्ही त्यांचा अपमान केला होता. त्यानं शांतपणे विचारलं, बाई, घरधनी कुठं हाय? म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आली तशी काठी आपटत गेली.

तो उठला आणि गाडीत जाऊन बसला. मला चला म्हणला. चावी घातली तोच मी काढून घेतली. तो माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहे, आणि मला भूक लागली होती. म्हणलं, पोरीला जाऊन काय सांगशील? की देवळापर्यंत गेलो आणि रुसून आलो?

स्टेअरिंगवर हात ठेवून तो समोर बघत राहिला. मग बोलला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी असा एकदाच बोलला.

"बीडात दिली असती, तरी तिथं मला चार माणसं ठावी हायेत. लातुरात बी एखादा निघंल. पोरीला काय झालं तर फोन करून विचाराया कोणी तरी पाहिजे का नाय? इथं माझ्या वळखीचं कुत्रं नाय, आबा. सकाळधरनं बसलोय, कोणी विचारलं बी नाय मी कुठला. मी इथं कोणीच नाय. असल्या ठिकाणी पोर कशी टाकू?"

 चावी माझ्या मुठीत होती.

तेवढ्यात पोराचा बाप आला. उंच, वाकलेला माणूस, डोक्यावर नवी टोपी, पायात चप्पल नाही. घाईत आला असावा, किंवा त्यांची तीच रीत असावी, मी विचारलं नाही. हात जोडून म्हणाला की आम्ही जेवायचे थांबलोत, काही चुकलं असलं तर पदरात घ्या. हा गाडीतून उतरेना. बाप गोंधळला. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणलं, पाव्हण्याला गाव विचारा.

तो माझ्याकडं असा बघायला लागला जसं मी त्याला शिवी द्यायला सांगितली.

"जेवल्याबिगर? पाव्हण्याला गाव विचारायचं म्हणजे, कोण कुठला तू, असंच झालं ना भो. आमच्याकडं पोटभर जेवल्याशिवाय पाव्हण्याला काहीच विचारत नाहीत."

आता माझ्या ध्यानात आलं की सायकलवाला का गेला, चाऱ्यावाली का गेली, टोपीवाला नुसता का हसला. गावाला कळलेलं होतं हे कोणाचे पाव्हणे. सगळे आमची इज्जत राखत होते. आणि आम्ही उन्हात बसून त्यांना चोर ठरवत होतो. अर्थात विचारायला काय झालं असतं, असं मला अजूनही वाटतं. आमची रीत बरोबर आहे.

मी म्हणलं, आमच्याकडं विचारतात. विचारल्याशिवाय हा माणूस हलायचा नाय.

बापानं इकडंतिकडं पाहिलं. कोणी ऐकत नाही ना, असं. मग गाडीच्या दाराशी गेला, मान खाली घातली आणि हळू आवाजात विचारलं.

"पाव्हणे, गाव कोणतं म्हणायचं?"

तो खाली उतरला. शर्ट खाली ओढून नीट केला. आणि सांगायला लागला. बिडकीनकडचं गाव. गंगेपासून किती लांब. बापाचं नाव, आज्याचं नाव, मामाचं गाव गंगेच्या पलीकडं. विहीर कोणत्या अंगाला होती, तिचं पाणी कसं गोड होतं. आता ती जमीन कारखान्यांसाठी गेली, पण गाव तेच. बायको कोणत्या गावची, कोणत्या दुखण्यानं गेली. पोरगी किती वर्षांची होती तेव्हा. नव्या टोपीतला माणूस उन्हात अनवाणी उभा राहून ऐकत होता. एकदाही मधी बोलला नाही, घराकडं बघितलं नाही. बायकोचं आलं तेव्हा त्यानं टोपी काढून हातात घेतली. माझ्या हिशेबी सोयरीक तिथंच झाली. सुपारी फुटायची ती नंतर फुटली.

जेवायला भरीत होतं. मला विचाराल तर तेल जास्त होतं. त्यानं दोनदा मागून घेतलं. हे मी पोरीला सांगितलं, दुसरं काही सांगितलं नाही.

लग्न इथंच झालं, जटवाडा रोडला. मानपानात दोनदा खटके उडाले. त्यांच्याकडची टोपी आमच्याकडच्यांना घट्ट झाली, आमच्याकडच्या आमटीनं त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. पोरगी घाट उतरून गेली.

मला वाटलं आता हा आणखी संशयी होईल. झालाही. पहिले काही महिने पाहुण्यांना लेण्यांशी सोडलं की झाडाखाली झोपायचं सोडून पुढं जायचा. पोरीच्या घरी जायचा नाही, व्याह्याच्या दारात रोज कोण उभं राहतं. गावात फिरायचा. न्हाव्याकडं बसायचा, गिरणीवर बसायचा, एसटी थांब्यावर बसायचा. संध्याकाळी मला येऊन सांगायचा की गिरणीवाला सरळ आहे पण वजनात बारीक चोरी करतो. न्हाव्याचा भाऊ पुण्यात आहे. दवाखान्यातल्या सिस्टरचं माहेर कन्नडला. "काय लागलं-सवरलं तर तिला सांगून ठेवलंय," म्हणायचा. मी म्हणायचो, तू पोरीला भेटायला जातो का शिरगणती करायला?

मग त्यानं गाडी विकली. त्या गावातून पहूरला शाळेची पोरं न्यायची एक छोटी गाडी घेतली आणि तिथंच खोली केली. पोरीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मी त्याला तोंडावर सांगितलं, घाटाखालची हवा तुला मानवायची नाय, महिन्यात परत येशील. घाटावरचं माणूस घाटावरच शोभतं. तो म्हणला, बघू. त्याला वर्ष होऊन गेलं. मी अजून माझं म्हणणं मागं घेतलेलं नाही.

परवा दुपारी त्याचा फोन आला. ट्रकचं टायर उघडून बसलो होतो, फोन खांद्याला दाबून धरला. तिकडचं ऊन, इकडचं ऊन, पोरीला बरं आहे, सातवा लागला, असं चाललं होतं. मधीच त्याला कोणी तरी हाक मारली. कोणी तरी बाई, मग एक म्हातारा, मग बरेच जण. गाडी कधी येणार, अमक्याला ताप आहे त्याला पहूरला न्यायचं, तमक्याचं दप्तर गाडीत राहिलं. तो मला "थांबा आबा, माणसं आलीत" म्हणला आणि फोन तसाच चालू ठेवून त्यांच्याशी बोलायला लागला. त्यांच्याच बोलीत. त्यांच्या 'भो'ला 'भो' देत. त्याला ते कळतही नसावं. त्यातलं निम्मं मला समजलं नाही.

ट्रकवाला म्हणाला, चाचा, लवकर करा. मी त्याला हातानं थांब म्हणलं. फोनचे पैसे तिकडून जात होते, तेव्हा माझ्या बाजूनं कट करायचं काही कारण नव्हतं. टायर मांडीवर धरून मी ऐकत बसलो.